नळीतले तांदूळ

माझा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. भोरमध्ये दुकान, दारात टेम्पो, आणि गेली पंचवीस वर्षं भोर-वेल्ह्यातल्या आनंदाला, दुःखाला आणि भांडणाला आवाज पुरवायचं काम माझ्याकडे. (वेल्ह्याचं कागदोपत्री नाव आता राजगड झालं आहे. पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे, आणि तोंडावर राजपत्राचा हुकूम लवकर चालत नाही.) लग्नातल्या मंगलाष्टका माझ्या माइकवरून, दहाव्याचं प्रवचन माझ्या माइकवरून, आणि निवडणुकीत दोन्ही बाजू एकमेकांचा जो उद्धार करतात, तोसुद्धा पुष्कळदा माझ्या एकाच पेटीतून बाहेर पडतो. पेटी म्हणजे अँप्लिफायर. तिला कुणाची बाजू नसते. मलाही नसते, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे.

शिवाय जत्रेतल्या नाटकात मी खलनायक असतो. माझ्या कमरेला लाकडी पिस्तूल असतं, आणि ते बाहेर काढलं की पहिल्या रांगेतली पोरं अजूनही आईच्या पदरात तोंड खुपसतात. ते लाकडाचं आहे हे त्यांना ठाऊक असतं, कारण दुपारी त्याच पिस्तुलानं ती खेळलेली असतात. मग घाबरतात कशाला? हा प्रश्न मला फार वर्षं पडलेला. त्याचं अर्धं उत्तर एका खंडेनवमीला मिळालं. उरलेल्या अर्ध्याचा मी अजून पिच्छा पुरवतो आहे.

खंडेनवमीचा नियम साधा. ज्याच्यावर पोट भरतं ते हत्यार धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहून पाटावर मांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा हलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन. माझी पेटीही पहाटेच पुजून झाली होती. तिच्या बटणांवर मी कुंकवाची बोटं लावली, जाळीत झेंडू खोवला, आणि लगेच तिला उचलून टेम्पोत घातलं.

बायको दारातून म्हणाली, "आज पेटी हलवू नये."

"अगं, दोन सुपाऱ्या आहेत."

"सुतारानं आज रंधा मारला तर तुम्ही त्याला काय म्हणाल?"

"सुतार बिनडोक आहे म्हणेन," असं म्हणून मी टेम्पो सुरू केला. हे वाक्य मला त्या दिवशी दुपारी महागात पडणार होतं.

पहिली सुपारी एका पोलीस ठाण्यातली. कुठल्या, ते विचारू नका. त्यांच्या अंगणात छोटा मांडव, एक कर्णा, भक्तिगीतं. मांडवाखाली दोन टेबलं जोडून पांढरी चादर घातलेली आणि तिच्यावर सगळा संसार मांडलेला: रायफली, काठ्या, हेल्मेटं, बेड्या, वायरलेसचा संच, घोषणा करायचा हातकर्णा. बेड्यांना हळदकुंकू वाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि या सगळ्यांच्या मध्ये, वऱ्हाडात व्याही बसावा तशी, एक जाडजूड, आखूड, काळी बंदूक. तिच्या नळीचं तोंड एवढं मोठं की आत लिंबू आरामात जावं. कुणीतरी त्या तोंडात झेंडूचं फूल बसवलं होतं.

मी तिच्यापुढून हलेना. शेजारी एक हवालदार आरतीचं तबक घेऊन उभे होते. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त, मिशा पांढऱ्या, बोलणं खालच्या पट्टीतलं. माझी-त्यांची ओळख मिरवणुकांतली. दहा वाजले की माझा कर्णा बंद करायला तेच यायचे.

"हवालदार, ही कसली तोफ?"

"गॅसगन. अश्रुधुराची."

"गोळी केवढी असते हिची?"

"मंडपवाले, तुम्ही पूजेला आलाय का चौकशीला?"

"दोन्हीला."

ते हसले. मग तबक खाली ठेवून, एखाद्या जुन्या बैलाविषयी सांगावं तसं सांगू लागले. गर्दी हटत नसली तर ही बाहेर काढायची. आधी फक्त गाडीतून उतरवायची. मग सगळ्यांना दिसेल अशी धरायची. मग उघडायची, नळकांडं भरायचं, मिटायची. मिटताना खटकन वाजते, तो आवाज लोकांच्या कानावर पडू द्यायचा. त्याच्याआधी तीनदा मोठ्यानं सूचना द्यायची, पांगा म्हणून. सूचना ऐकू गेलीच पाहिजे, तो नियम.

"आणि मग?"

"मग काय, बहुतेक वेळा लोक गेलेले असतात. ही उडवायची कमी, दाखवायची जास्त."

मला केवढा आनंद झाला! म्हणजे माझ्या लाकडी पिस्तुलाचीच ही सरकारी बहीण. मी विचारलं, "तुम्ही उडवलीय कधी?"

"सरावाला पुष्कळ वेळा. माणसांवर एकदा." त्यांनी नळीतलं फूल जरा सरळ केलं. "दुसऱ्या जिल्ह्यात होतो तेव्हा. मी उडवली आणि वारा फिरला. सगळा धूर शेजारच्या चाळीत शिरला. तिथं एक बाळंतीण होती."

"पुढं?"

"पुढं आरती." ते म्हणाले आणि त्यांनी तबक उचललं.

आरती झाली. नवे साहेब, वय तिशीच्या आत, लांबच्या जिल्ह्यातून नुकतेच आलेले, त्यांनी मूठभर अक्षता टेबलावर उधळल्या. बाकीच्यांनीही उधळल्या. तांदूळ रायफलींवर पडले, हेल्मेटांत पडले, त्या जाड्या बंदुकीवरही पडले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण नळीच्या तोंडात फूल होतं, हेही पाहिलं. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

दुसरी सुपारी डोंगरातल्या एका गावाची. आठवडाभर आधी तिथली एक बाई माझ्या दुकानात आली होती. पन्नाशीची, भावाच्या घरी राहणारी, भाताच्या चिखलात उभी राहून पाय कायमचे फाटलेली. तिच्यामागे तिची भाची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, छातीशी वही धरून.

"स्पीकर पायजे," बाई म्हणाली.

"पूजेला का?"

"न्हाई. रस्ता अडवायला."

मग कळलं. पावसाळ्यात त्यांच्या घाटात दरड पडली आणि सकाळची एसटी बंद झाली. दरड उचलली, रस्ता नीट झाला, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा दिवसाउजेडी धावू लागल्या. पण रस्ता गाडीच्या लायक आहे असा एक कागद कुणाच्या तरी सहीसाठी कुठल्या तरी टेबलावर बसून राहिला, म्हणून एसटी काही येईना. तोपर्यंत ही पोरगी पहाटे उठून डोंगर उतरून फाट्यावर यायची, तिथून वडापला लोंबकळत भोरला. पहिला तास रोज बुडायचा. संध्याकाळी परतताना झाडीतनं एकटी. आणि तिच्या बापानं सांगून टाकलं होतं: दसऱ्यापर्यंत गाडी आली तर ठीक, नाहीतर कॉलेज बंद, पोरगी घरी.

"तुझा भाऊ तुझं ऐकत नाही का?" मी विचारलं.

"ऐकतो की. म्हणून तर दसऱ्यापतुर थांबलाय. एरवी गौरीलाच बसवली असती."

पोरीनं वही उघडून निवेदनाचा मसुदा मला दाखवला. अक्षर असं, की छापील वाटावं.

"पण नवमीलाच का?" मी विचारलं.

"त्या रस्त्यानं पानशेतला मोठी पाव्हणी जाणार हायेत त्या दिशी. रिकाम्या रस्त्यावर बसून कोन बगतंय?"

बाईला रंगभूमीची जाण होती, हे मला तिथंच पटलं.

तर नवमीला, सूर्य डोक्यावर आला असताना, मी फाट्यावर चिंचेच्या सावलीत टेम्पो लावून बसलो होतो. दीडएकशे माणसं रस्त्यावर. निम्म्या बाया, दोघीतिघींच्या कडेवर पोरं. पुढे ही आत्या. पोरगी माझ्या कर्ण्याच्या खांबाला टेकून, हातात निवेदन. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला, त्याचा गोडसर वास. घोषणा ठीक चालल्या होत्या, मध्येच कुणीतरी भजन म्हणालं, चहा आला. मी पेटीवर आवाजाची बटणं सारखी करत होतो. एको मात्र शून्यावर ठेवला होता. एको म्हणजे आवाज घुमवायचं बटण. नाटकात राक्षसाच्या तोंडी लागतं.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. साहेब उतरले. सारखे घड्याळाकडे बघत होते. ताफा तासाभरात येणार असावा. आधी नीट बोलले, हात जोडून. आत्या म्हणाली, "गाडी द्या, रस्ता घ्या." असं चार वेळा झालं. साहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला त्यांची कीव आली, खरंच. मग त्यांनी मागे वळून काहीतरी सांगितलं, आणि सकाळचे तेच हवालदार गाडीतून ती बंदूक घेऊन उतरले.

आता मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगतो. बंदूक दिसली आणि आवाज बंद झाला. कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. मागच्या रांगा मात्र पाठ न फिरवता मागे सरकू लागल्या, ओढ्याचं पाणी ओसरतं तशा. रस्त्यावर चपला उरल्या. एका बाईनं पोराचं तोंड पदराखाली घेतलं. बंदूक लांब होती, तोंड वर होतं, आत काही भरलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि ही आधी नुसती दाखवायची असते, हे हवालदारांनी स्वतः सकाळी समजावलेलं. तरी मी पेटीच्या आड डोकं घातलं होतं. ठाऊक असणं आणि न घाबरणं, ही दोन वेगळ्या घरांतली माणसं आहेत. पहिल्या रांगेतल्या पोरांचं मला त्या क्षणी समजलं.

पोरगी कर्ण्याचा खांब घट्ट धरून उभी होती. हातातल्या निवेदनाची घडी घालत होती. एक घडी, मग दुसरी, मग तिसरी. खेळ संपल्यावर तिकीट दुमडतात तशी.

साहेबांनी हातकर्णा उचलला. बटण दाबलं. हातकर्णा गप्प. सकाळी तोही पूजेत होता, कुंकू लागलेला, पण त्याच्या सेलची चौकशी कुणी केली नव्हती. साहेब माझ्याकडे आले.

"माइक द्या."

"साहेब, हा ह्यांच्या सुपारीचा—"

"सूचना ऐकू गेली पाहिजे. माइक."

पोलिसाला माइक नाही कसा म्हणणार? दिला. देताना पेटीवर माझा हात फिरला. तो एकोच्या बटणाला चुकून लागला, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

"हा जमाव बेकायदेशीर आहे," साहेब म्हणाले, आणि समोरचा डोंगर म्हणाला, "आहे... आहे... आहे..."

"ताबडतोब पांगा!"

"पांगा... पांगा... गा... गा..."

मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "आरं, रावण आला का काय ह्यो? दसरा तर उंद्या हाय!"

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. ओसरणारी माणसं थबकली. साहेब माइकवर बोट आपटून बघू लागले, त्याचेही धाड-धाड-धाड असे हातोडे पडले. आणि या हशात आत्याची नजर बंदुकीवर स्थिरावली. ती उठली, पदर खोचला, चार पावलं पुढे गेली.

"आत्ता गं बया! हिला तर कुकू लावलंय! नळीत फूलबी हाय!"

मग सगळ्यांनीच मान उंच करून पाहिलं. खरंच, त्या काळ्या दस्त्यावर हळदकुंकवाची पाच बोटं होती आणि तोंडात तो झेंडू, जरा मलूल, तसाच.

"साहेब, ह्ये पुजल्यालं हत्यार हाय का न्हाई?"

"मावशी, मागे व्हा."

"व्हते की मागं. पर आज नवमी. आमी घरी विळं मांडून आलोय, उंद्यापतुर गवताची काडी कापायची न्हाई. आन तुमी पुजल्यालं हत्यार माणसांवर घिऊन आलाय? कुठल्या गावाची ही रीत?"

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. सकाळी अक्षता त्यांनीच उधळल्या होत्या. मला फार मजा वाटत होती, आणि मी तोंडावर हात धरून हसणार तेवढ्यात ती गर्रकन माझ्याकडे वळली.

"आन तुमी काय दात काढताय वो, स्पीकरवालं? तुमच्या पेटीवरबी कुकू हाय! तुमीबी त्यातलंच!"

दीडशे माणसं मला हसली. सुतार आठवला. बायकोला हे कोण सांगणार, एवढीच भीती वाटली. (संध्याकाळी तिच्या मोबाईलवर व्हिडिओ आलेला होता.)

पण हसण्यानं रस्ता मोकळा होत नाही आणि ताफाही थांबत नाही. साहेबांनी मान ताठ केली आणि हवालदारांना म्हणाले, "भरा."

आता लोक आधीपेक्षा पुढे आलेले होते, बंदुकीच्या अगदी समोर.

हवालदारांनी आधी वर चिंचेकडे बघितलं. पानं डोंगराकडून गावाकडे हलत होती. मग त्यांची नजर त्या कडेवरच्या पोरांवरून फिरली. मग त्यांनी झेंडू अलगद काढून खिशात ठेवला, बंदूक उघडली, नळी डोळ्याशी धरली आणि आभाळाकडे करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सोनार नथीतला मोती बघतो तसं.

"साहेब," ते त्याच खालच्या पट्टीत म्हणाले, "नळीत तांदूळ हायेत."

"काय?"

"अक्षता. आत चिकटल्यात. कुंकू वलं होतं. अशी उडवता यायची न्हाई, कायबी होईल."

"मग साफ करा!"

"गज ठाण्यात राहिला. पूजेत."

साहेबांनी नळीत पाहायला हात पुढे केला, तोवर हवालदारांनी ती मिटून काखेत धरली होती. अगदी शिस्तीत, अगदी आदबीनं. मी टेम्पोवरून मान लांब करून पाहायचा प्रयत्न केला. मला काही दिसलं नाही.

साहेब क्षणभर रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना मानतो. त्यांनी मोबाईल काढला. एकाला लावला, त्यानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. तिसरा माणूस कागदवाला होता. मी पुढे झालो.

"साहेब, मोबाईल स्पीकरवर टाका, मी माइक धरतो. म्हणजे ह्यांनाही ऐकू जाईल. तुम्हाला परत सांगायला नको."

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पण घड्याळाकडेही पाहिलं. आणि मोबाईल पुढे केला.

कागदवाल्या गृहस्थांना आपण माइकवर आहोत याची काही कल्पना नव्हती. "अहो, तो कागद होय?" त्यांचा आवाज भातावरून पसरत गेला. "तो इथंच आहे हो, माझ्या खणात. सही तेवढी राहिलीय... राहिलीय... राहिलीय..."

एको काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

रस्त्यावर असा गलका झाला, की फोनवरच्या माणसाला वाटलं कुठं जत्रा भरली आहे. साहेबांनी कडक आवाजात विचारलं, गाडी कधी? पलीकडून आधी "बघतो" आलं. आत्या माइकपाशी येऊन ओरडली, "बगतो न्हाई, वार सांगा!" पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग आलं, "उद्या सुट्टी. परवा सकाळी सोडतो. सोडायला लावतो."

दीडशे साक्षीदार आणि एक डोंगर. लोकांनी आपापल्या चपला शोधल्या आणि रस्ता सोडला. मोठ्या पाहुण्यांचा ताफा त्या दिवशी आलाच नाही. पाहुण्यांना पुण्यातच काहीतरी काम निघालं म्हणे. साहेब मात्र संध्याकाळपर्यंत त्या मोकळ्या रस्त्यावर उभे होते.

पोरीनं निवेदनाच्या घड्या उलगडल्या, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केल्या. मी म्हणालो, "आता कशाला? काम झालं की."

"अजून गाडी आली न्हाई, काका," ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंधारातच उठलो. त्या गावात माझं काहीही काम नव्हतं. बायकोला सांगितलं, एक वायर राहिलीय. ती म्हणाली, वायर तिथं कॉलेजला जाते का? तरी गेलो. फाट्याच्या वरच्या थांब्यावर आत्या होती, पोरगी होती. आणि पोरीचा बापही होता, जरा लांब, झाडाआड, आपण म्हशीसाठी आलो आहोत असं दाखवत. जवळपास म्हैस नव्हती.

ठरल्या वेळेला गाडी नव्हती. पाच मिनिटं गेली. दहा. बाप झाडामागून निघून रस्त्यावर आला. आत्या त्याच्याकडे बघेना. पोरीनं दप्तराचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

मग खालच्या वळणावर घरघर ऐकू आली. गाडीच्या तोंडावर दसऱ्याची माळ होती, सुकलेली, निम्मी तुटून लोंबणारी. गाडी थांबली, दार उघडलं. पोरगी चढली, खिडकीशी बसली आणि तिनं आधी वही काढली. बाप म्हणाला, "पास काढ गं, सुट्टं तिकीट नको." बस्स. एवढंच बोलला. पण पास महिन्याचा असतो, हे आम्हा सगळ्यांना समजलं. आत्यानं नाकाला पदर लावला आणि मला म्हणाली, "तुमी हितं कशाला?"

"वायर राहिली होती."

"व्हय का!"

भोरकडे परत येताना फाट्यावर हवालदार दिसले. साध्या कपड्यांत, पिशवी घेऊन, रजेवर निघालेले. मी टेम्पो थांबवून त्यांना शेजारी घेतलं. किकवीपर्यंत यायचं होतं त्यांना. मला राहवेना.

"हवालदार, एक विचारू? फूल तर आधीपासून नळीच्या तोंडात होतं. मग आत तांदूळ गेले कसे?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मिशीत काहीतरी हललं.

"मंडपवाले," ते म्हणाले, "ते एकोचं बटण फिरवायचं असतंय का दाबायचं?"

"फिरवायचं."

"म्हणजे नुसता हात लागून फिरत न्हाई."

मी गिअर बदलला. पुढे किकवी येईपर्यंत आम्ही दोघं भाताच्या पिकाविषयी बोललो.